जॉन हॉवर्ड : कारागृहांचा यात्रिक

अठराव्या शतकातील इंग्लंडमध्ये न्यायालयाने निर्दोष ठरवलेला मनुष्यही पुन्हा तुरुंगात डांबला जात असे. तेथील जेलरला वेतन नसे. कैद्यांकडून घेतलेल्या शुल्कावर त्याचा चरितार्थ चाले. हे शुल्क ज्याला देता येत नसे, त्याला सुटकेनंतरही त्याच कोठडीत परत जावे लागे. हा अन्याय गुप्त नव्हता. तो पाहण्यासाठी बाहेरचे कोणी आत जात नव्हते, एवढेच. जॉन हॉवर्ड आत गेले.

हॉवर्ड यांचा जन्म १७२६ सालचा. लंडनमधील एका सधन व्यापाऱ्याचे ते पुत्र. प्रकृती नाजूक, शालेय शिक्षणातही विशेष चमक नाही. पित्याच्या निधनानंतर मोठी संपत्ती हाती आली आणि आयुष्य स्वस्थपणे घालवणे त्यांना सहज शक्य झाले. मात्र १७५५ च्या भूकंपाने उद्ध्वस्त झालेले लिस्बन पाहण्यासाठी ते निघाले असता त्यांचे जहाज फ्रेंच चाच्यांनी पकडले. ब्रेस्टच्या किल्ल्यातील कोठडीत त्यांना जमिनीवर पेंढा पसरून रात्री काढाव्या लागल्या. सुटून मायदेशी परतल्यावर मागे राहिलेल्या बंद्यांच्या मुक्ततेसाठी त्यांनी खटपट केली. बंदिवास म्हणजे काय, हे त्यांना असे स्वानुभवाने कळले होते.

पुढे १७७३ मध्ये ते बेडफर्डशायर परगण्याचे शेरीफ झाले. मुंबईच्या नगरपालपदासारखेच हे बहुतांशी मानाचे पद. तुरुंगाची देखरेख शेरीफकडे असे, पण पूर्वीचे शेरीफ ती इतरांवर सोपवून मोकळे होत. हॉवर्ड स्वतः तुरुंगात गेले. जेलरला वेतन द्यावे, ही त्यांची मागणी ऐकून तेथील न्यायाधीशांनी असे अन्यत्र कोठे घडते काय, अशी विचारणा केली. तो दाखला शोधण्यासाठी हॉवर्ड घोड्यावर बसून शेजारच्या परगण्यांत गेले. दाखला मिळाला नाही. सर्वत्र तीच दुरवस्था मात्र आढळली. १७७४ मध्ये त्यांनी ब्रिटिश संसदेपुढे साक्ष दिली. निर्दोष सुटलेल्यांना शुल्काविना मुक्त करणारा आणि कैद्यांच्या आरोग्याची काळजी घेण्यास सांगणारा, असे दोन कायदे त्याच वर्षी झाले. ते स्वखर्चाने छापून हॉवर्ड यांनी तुरुंगातुरुंगांत धाडले.

कायदा झाला म्हणून ते थांबले नाहीत, यातच त्यांचे मोठेपण आहे. कायदा पाळला जातो की नाही, हे पाहण्यासाठी ते पुनःपुन्हा त्याच दारांत उभे राहिले. कोठडीची लांबीरुंदी मोजावी, कैद्याला मिळणारा पाव तोलावा, पाणी व उजेड येतो की नाही ते पाहावे, कैद्यांशी बोलावे आणि सारे वहीत नोंदवावे, अशी त्यांची रीत होती. कपड्यांना तुरुंगाची दुर्गंधी इतकी लागे की बंद गाडीतून प्रवास करणे त्यांना असह्य होई. उवांमधून पसरणारा टायफसचा ज्वर त्या काळी फाशीपेक्षा अधिक कैद्यांचे बळी घेत असे. तरीही ते कोठड्यांत जात राहिले. १७७७ मध्ये इंग्लंड आणि वेल्समधील तुरुंगांच्या स्थितीवरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात आवेशपूर्ण भाषणे नाहीत. तुरुंगागणिक आकडे आणि नोंदी आहेत.

त्यांनी युरोपातील बहुतेक देश पालथे घातले. पॅरिसच्या कारागृहांत शिरकाव मिळेना, तेव्हा कैद्यांना स्वहस्ते दान देऊ इच्छिणाऱ्यास आत सोडावे, असा जुना नियम त्यांनी शोधून काढला व त्या आधारे प्रवेश मिळवला. बास्तीलचे दार मात्र त्यांच्यासाठी उघडले नाही. त्यांचा एकूण प्रवास ४२ हजार मैलांवर भरला, असे सांगितले जाते. हयातीत आपला पुतळा उभारण्यास त्यांनी नकार दिला. या व्रताची किंमतही मोठी होती. त्यांची पत्नी एकुलत्या एका मुलाच्या जन्मानंतर लगेच वारली होती. तो मुलगा पुढे मानसिक व्याधीने ग्रासला गेला आणि पिता बहुतेक काळ दूरदेशी राहिला. २० जानेवारी १७९० रोजी, काळ्या समुद्राजवळील खेरसोन येथे, ज्वराच्या रुग्णांची सेवा करताना जडलेल्या आजाराने हॉवर्ड यांचे निधन झाले.

हॉवर्ड यांच्या हाती कोणाला शिक्षा करण्याचा अधिकार नव्हता. बाहेरचा डोळा आत पोहोचला की क्रौर्याला आवर बसतो, हेच त्यांचे सामर्थ्य होते. हाच विचार घेऊन १९७७ मध्ये जिनीव्हा येथील जाँ-जाक गोतिए या निवृत्त बँकव्यावसायिकाने संस्था स्थापन केली. छळ झाल्यावर दाद मागण्यापेक्षा तो होण्यापूर्वीच स्वतंत्र निरीक्षकांनी कोठड्यांना भेटी द्याव्यात, असा त्यांचा आग्रह होता. त्यातून १९८७ चा युरोपीय करार साकारला. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २००२ मध्ये अशाच भेटींचा जागतिक करार स्वीकारला. तो २००६ मध्ये अमलात आला आणि नव्वदहून अधिक राष्ट्रे त्यात सामील झाली. निरीक्षकांनी कोणत्याही कोठडीत जावे, कैद्याशी एकांतात बोलावे आणि पुन्हा यावे, हा त्याचा गाभा आहे.

भारताने छळविरोधी मूळ करारावर १९९७ मध्ये स्वाक्षरी केली, परंतु त्याला संमती देऊन तो स्वतःवर बंधनकारक केलेला नाही. भेटींच्या करारातही भारत नाही. आपल्याकडील तुरुंगांच्या नियमांत मात्र शासकीय आणि अशासकीय अभ्यागतांची तरतूद आहे. अभ्यागत म्हणून नेमला जाणारा नागरिक आपल्यापैकीच कोणी असू शकतो. त्याने हॉवर्डप्रमाणे वही घेऊन आत जावे, पाव तोलावा आणि पुढच्या महिन्यात पुन्हा त्याच दारात उभे राहावे. कारण कोठडीतल्या माणसाला पहिल्या भेटीपेक्षा दुसऱ्या भेटीचा आधार अधिक असतो.