नेव्हिल डिसोझा

गोव्यातील बार्देस तालुक्यात शिवोली नावाचे गाव आहे. 1883 साली विल्यम लायन्स नावाचे एक आयरिश धर्मगुरू तेथे आले आणि त्यांनी आपल्या शाळेतील मुलांना फुटबॉल शिकविला. हळूहळू तो खेळ गावोगाव पसरला. भात कापून झाले, की उघड्या शेतात मुले चेंडूमागे धावू लागली. या शिवोलीजवळच आसगाव आहे. नेव्हिल डिसोझा यांचा जन्म 1932 साली याच गावचा.

गोवा त्या वेळी पोर्तुगीजांच्या अमलाखाली होता. पोटापाण्यासाठी हजारो गोमंतकीय मुंबईस येत. धोबी तलाव आणि आसपासच्या भागात एकेका गावाचे ‘कूड’ असे. कोणी आगबोटीवर, कोणी कारखान्यात, तर कोणी बँडमध्ये वाजविण्याच्या कामावर जाई. या मंडळींनी आपल्या सामानसुमानाबरोबर फुटबॉलचे वेडही मुंबईस आणले. कुपरेज मैदानावर रोव्हर्स चषकाचे सामने लागले, म्हणजे तेथे कोकणी बोल हमखास कानी पडत.

नेव्हिल डिसोझा यांचा खेळ बहरला तो याच मुंबईत. टाटा स्पोर्ट्स क्लब आणि पुढे कालटेक्स या संघांतून ते खेळले. आजच्यासारखे फुटबॉलवर घर चालविण्याचे ते दिवस नव्हते. खेळाडू एखाद्या कंपनीत नोकरी करी आणि तिच्या संघातून खेळे. नेव्हिल यांची जागा आघाडीच्या मध्यभागी असे. या जागेवरील खेळाडूला सामन्यात पुष्कळदा बराच वेळ चेंडू मिळतच नाही. पण जेव्हा मिळतो, तेव्हा विचार करण्यास क्षणाचीही सवड नसते. चेंडू कोठे येणार हे आधीच ओळखून तेथे जाऊन पोहोचणे, हीच त्या जागेची खरी विद्या होय. ती नेव्हिल यांना चांगली साधली होती. 1954 साली मुंबईने प्रथमच संतोष करंडक जिंकला. त्या संघात ते होते.

भारतीय फुटबॉलने त्या सुमारास एक कडू घोट गिळलेला होता. 1948 साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये आपले बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले आणि फ्रान्सकडून केवळ एका गोलाने हरले. तेव्हा त्यांचे कौतुकच झाले. परंतु 1952 साली हेलसिंकी येथे युगोस्लाव्हियाने भारताला 10 विरुद्ध 1 असे पाणी पाजले. त्यानंतर बूट घालून खेळणे सक्तीचे झाले.

या संघाचे शिक्षक सय्यद अब्दुल रहीम हे हैदराबादचे. ते पेशानेही शाळामास्तरच होते. मुलांनी दुबळ्या पायाने खेळावे म्हणून ते असे सामने लावीत, की ज्यांत चेंडू केवळ त्याच पायाने मारावयाचा. चेंडू पायाशी घोळवीत बसणे त्यांना खपत नसे. तो आला, की लगेच सोबत्याकडे गेला पाहिजे, असा त्यांचा दंडक होता. हेलसिंकीचा पराभव त्यांच्याच डोळ्यांदेखत झाला होता. म्हणून 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकसाठी संघ निघाला, तेव्हा मास्तरांचीही ती परीक्षाच होती.

पहिली फेरी न खेळताच पार पडली, कारण हंगेरीचा संघ आलाच नाही. 1 डिसेंबर 1956 रोजी उपउपांत्य फेरीत भारताची गाठ यजमान ऑस्ट्रेलियाशी पडली. (बरोबर एक महिन्यापूर्वी, 1 नोव्हेंबरला, हैदराबाद राज्याचे विभाजन होऊन मराठवाडा मुंबई राज्यात आला होता. औरंगाबादकरांना, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या लोकांना, रहीम मास्तर कालपरवापर्यंत आपल्याच राज्याचे वाटत असल्यास नवल नाही.) ऑस्ट्रेलियाचे खेळाडू धिप्पाड होते, मैदान त्यांचे होते आणि प्रेक्षकही त्यांचेच.

नवव्या मिनिटाला नेव्हिल यांनी पहिला गोल केला. सतराव्या मिनिटाला ऑस्ट्रेलियाने बरोबरी साधली. तेहेतिसाव्या मिनिटाला नेव्हिल यांनी भारताला पुन्हा पुढे नेले. पण मध्यंतरापूर्वी चार मिनिटे ऑस्ट्रेलियाने पुन्हा फेड केली. दोनदा मिळविलेली आघाडी दोनदा गेली, म्हणजे भलेभले हातपाय गाळतात. मध्यंतरानंतर पाचच मिनिटांनी नेव्हिल यांनी तिसरा गोल केला. ही आघाडी मात्र टिकली. ऐंशीव्या मिनिटाला कृष्णस्वामी ऊर्फ किट्टू यांनी चौथा गोल केला आणि भारताने 4 विरुद्ध 2 असा विजय मिळविला. एकाच सामन्यात तीन गोल करण्यास हॅट्ट्रिक म्हणतात. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅट्ट्रिक करणारे नेव्हिल डिसोझा हे पहिले आशियाई खेळाडू ठरले, आणि उपांत्य फेरी गाठणारा भारत हा पहिला आशियाई संघ ठरला.

उपांत्य सामन्यात समोर कोण उभे राहावे? तोच युगोस्लाव्हिया! मध्यंतरापर्यंत दोन्ही बाजूंस एकही गोल झाला नाही. चार वर्षांपूर्वी ज्यांच्यावर दहा गोल चढविले, त्यांच्यावर आता एकही होत नव्हता. बावन्नाव्या मिनिटाला नेव्हिल यांनी चेंडू जाळ्यात धाडला. भारत पुढे गेला! अंतिम सामना, म्हणजेच निदान रौप्यपदक, हाकेच्या अंतरावर आले. हे सुख दोन मिनिटे टिकले. चोपन्नाव्या मिनिटाला युगोस्लाव्हियाने बरोबरी केली, सत्तावन्नाव्या मिनिटाला दुसरा गोल चढविला, पासष्टाव्याला तिसरा. आणि चौथा तर आपल्याच खेळाडूच्या पायाने आपल्याच जाळ्यात गेला. 1 विरुद्ध 4 असा पराभव झाला. पुढे कांस्यपदकाच्या सामन्यात बल्गेरियाने भारताला तीन गोलांनी हरविले आणि संघ चौथ्या क्रमांकावर राहिला. चौथ्या क्रमांकाला पदक नसते. एवढ्या वर्षांत ऑलिंपिक फुटबॉलमध्ये भारताने याहून वरची जागा मिळविलेली नाही.

नेव्हिल यांनी त्या स्पर्धेत एकंदर चार गोल केले. तितकेच गोल युगोस्लाव्हियाच्या वेसेलिनोविच यांनी व बल्गेरियाच्या मिलानोव्ह यांनी केले. स्पर्धेत सर्वाधिक गोल करण्याचा मान या तिघांनी वाटून घेतला. त्या दोघांच्या देशांना पदके मिळाली, नेव्हिल रिकाम्या हाताने परतले.

येथे आणखी एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. नेव्हिल भारताचा पोशाख घालून मेलबर्नच्या मैदानावर उतरले, तेव्हा त्यांचे आसगाव भारतात नव्हते. आदल्याच वर्षी, 1955 च्या ऑगस्टमध्ये, गोव्याच्या सरहद्दीवर निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या होत्या. त्यानंतर भारत व गोवा यांमधील वाहतूक जवळजवळ बंद पडली होती. मुंबईतील गोमंतकीयास आपल्या गावी जाणे दुरापास्त झाले होते. आसगाव भारतात आले ते डिसेंबर 1961 मध्ये, मेलबर्नच्या त्या सामन्यानंतर पाच वर्षांनी.

रहीम मास्तरांनी 1962 साली जकार्ता येथील आशियाई स्पर्धेत भारताला सुवर्णपदक मिळवून दिले आणि पुढच्याच वर्षी ते कर्करोगाने वारले. नेव्हिल डिसोझा 1980 साली निवर्तले. त्यांचे वय अठ्ठेचाळीसही झाले नव्हते. क्रिकेटपटूंची नावे घरोघर झाली, फुटबॉलपटूंची मागे पडली, आणि त्यांत हेही नाव बराच काळ झाकले गेले. मुंबईत वांद्रे येथील फुटबॉलच्या मैदानाला आता ‘नेव्हिल डिसोझा मैदान’ असे नाव दिलेले आहे. शाळा सुटल्यावर मुले तेथे चेंडू घेऊन येतात.