रावबहादूर बोले यांचा ठराव

महाडचा सत्याग्रह आपल्या वस्तीतल्या लहान पोरालाही ठाऊक आहे. पण ज्या ठरावाच्या आधारावर तो झाला, तो मांडणाऱ्या सीताराम केशव बोले यांची आठवण आम्ही क्वचितच काढतो. बोले भंडारी समाजातले. १९०९ साली कामगार हितवर्धक सभा काढणाऱ्यांत ते पुढे होते, म्हणून आम्हा गिरणीवाल्यांना ते जवळचे. १९०७ साली भीमराव मॅट्रिक पास झाले तेव्हा सत्कारसभेचे अध्यक्षही बोलेच. केळुसकर गुरुजींनी बुद्धचरित्र भेट दिलं ते याच सभेत.

पुढे बोले मुंबई कायदे कौन्सिलात गेले. ४ ऑगस्ट १९२३ रोजी त्यांचा ठराव पास झाला. सार्वजनिक पैशाने बांधलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, कोर्टकचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत, असा तो ठराव. सप्टेंबरात सरकारने हुकूम काढला. १९२४ साली महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले. पण झालं काय? कागदावर तळं उघडं, काठावर मात्र तीच दहशत!

बोले गप्प बसले नाहीत. ५ ऑगस्ट १९२६ ला त्यांनी दुसरा ठराव आणला : जी नगरपालिका वा लोकल बोर्ड हे पाळणार नाही, तिचं सरकारी अनुदान बंद करा. आमच्या मते हा ठराव जास्त हुशारीचा, कारण पैसा अडला की भल्याभल्यांचे डोळे उघडतात. महाडवाल्यांचे तरीही उघडले नाहीत. शेवटी २० मार्च १९२७ रोजी परमपूज्य बाबासाहेबांनी स्वतः ओंजळ भरली. त्यावरचा कोर्टाचा झगडा पुढे १९३७ पर्यंत चालला.

दादरला पोर्तुगीज चर्चकडून सिद्धिविनायकाकडे जाणारा बोले रोड त्यांच्याच नावाचा.