ऑगस्ट क्रोग : माशांच्या श्वासाचा मापक

एक लिटर हवेत सुमारे २१० घनसेंटिमीटर प्राणवायू असतो. १५ अंश सेल्सिअस उष्णतेच्या तितक्याच गोड्या पाण्यात तो अवघा ७ घनसेंटिमीटरच्या आसपास. एवढ्याशा शिदोरीवर मासा पोहतो, भक्ष्य धरतो व शत्रूपासून पळतो. ती शिदोरी आणखी घटल्यास काय होते, हे जाणण्याचा मार्ग ज्यांनी सुकर केला, त्या डॅनिश शास्त्रज्ञाचे अल्पचरित्र आम्ही वाचकांस सादर करीत आहो.

ऑगस्ट क्रोग ह्यांचा जन्म १५ नोव्हेंबर १८७४ रोजी डेन्मार्कमध्ये एका जहाज बांधणाऱ्याच्या घरी झाला. कोपनहेगन येथे ते प्राध्यापक ख्रिश्चन बोर ह्यांचे साहाय्यक झाले. फुप्फुसे स्वशक्तीने प्राणवायू रक्तात लोटतात, असे बोर ह्यांचे मत होते. क्रोग ह्यांनी वाहत्या रक्ताशी हवेचा इवलासा बुडबुडा भिडवून त्यातील वायू मोजण्याचे उपकरण रचिले व पत्नी मेरी ह्यांच्यासह पुनःपुन्हा मापने घेतली. प्राणवायूचा दाब फुप्फुसांतील हवेपेक्षा रक्तात नेहमी कमीच भरला. म्हणजे तो केवळ दाबाच्या उतारानेच रक्तात शिरतो. गुरूचे मत खोडून काढणे शिष्यास जड जाते. तथापि १९१० साली त्यांनी आदर न सोडता सत्य प्रसिद्ध केले.

हीच मोजण्याची शिस्त त्यांनी माशांच्या अभ्यासातही पाळली. पाणी तापले की माशाची प्राणवायूची गरज वाढते, हे १९१४ साली त्यांनी रिचर्ड एगे ह्यांच्यासह दाखविले; आणि तापल्या पाण्यात प्राणवायू तर कमीच मावतो! १९१९ साली इझाबेला लीच ह्यांच्यासह त्यांनी माशांचे रक्त तपासले. कार्प व ईल ह्यांचे रक्त अत्यल्प दाबातही प्राणवायू उचलते. समुद्रातील कॉडच्या रक्तास अधिक दाब लागतो. साचलेल्या डबक्यात कार्प का तगतो, ह्याचे एक कारण असे उमगले.

स्नायूंतील केशवाहिन्यांच्या संशोधनाबद्दल १९२० साली त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे १९४७ साली कॅनडातील फ्राय ह्यांनी विश्रांतीतील व पराकाष्ठेच्या श्रमांतील प्राणवायूच्या खर्चाचे अंतर, हेच माशाच्या कर्तृत्वाचे माप ठरविले. प्राणवायू घटू लागला की प्रथम हे अंतर आक्रसते. मासा मरण्यापूर्वीच दुबळा होतो.

१३ सप्टेंबर १९४९ रोजी क्रोग निवर्तले. नदीत मेलेले मासे तरंगले म्हणजे आपण हळहळतो. परंतु त्यापूर्वीच प्रवाहाशी झुंजण्याचे त्यांचे बळ सरलेले असते. ते डोळ्यांस दिसत नाही, मापासच दिसते. म्हणून अशा मापकांचे ऋण आम्ही थोर मानतो.