अंधारखोलीतील तपश्चर्या : दादासाहेब फाळके

आपल्या बीदर-कलबुर्गीच्या मुलखात फोटोच्या दुकानामागे पूर्वी तांबड्या दिव्याची एक अंधारी खोली असे. हा मुलूख निजामांच्या राज्यात असताना राजा दीनदयाळ यांनी हैदराबादेत छायाचित्रकार म्हणून मोठी कीर्ती मिळविली. त्यांचे काम काचेच्या पट्ट्यांवर चाले. एकेक काच धुऊन चित्र प्रकट होई. परंतु हजारो फूट फिल्म स्वतःच्या घरात धुऊन काढण्याचे धाडस एका महाराष्ट्रीय गृहस्थाने केले. ते गृहस्थ म्हणजे धुंडिराज गोविंद फाळके.

त्यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. मुंबईचे जे. जे. कलाविद्यालय आणि बडोद्याचे कलाभवन येथे त्यांनी चित्रकला व छायाचित्रण यांचे शिक्षण घेतले. गोध्र्यास छायाचित्रणाचा व्यवसाय मांडला. परंतु प्लेगने पत्नी व अपत्य हिरावून नेले. १९०२ मध्ये त्यांचा दुसरा विवाह झाला व सरस्वतीबाई घरात आल्या. पुढे पुराणवस्तू खात्यातील नोकरी, मग छापखाना, असे उद्योग झाले. १९१०-११ च्या सुमारास ख्रिस्तचरित्रावरील एक चित्रपट त्यांनी पाहिला आणि आपल्या पुराणकथा याच रीतीने पडद्यावर आणण्याचा ध्यास घेतला. अहोरात्र अभ्यासाने दृष्टी अधू झाली. उपचारांनी ती परत मिळाली. विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून ते १९१२ मध्ये लंडनला गेले आणि कॅमेरा व यंत्रसामग्री यांची व्यवस्था करून परतले.

खरी कसोटी दादरच्या घरी लागली. येणारी कोरी फिल्म बिनछिद्रांची असे. एका फुटात १६ चित्रे आणि प्रत्येक चित्राच्या दोन्ही कडांस चार-चार छिद्रे, म्हणजे फुटास १२८ छिद्रे झाली! दोनशे फुटांच्या एका गुंडाळीस २५,६०० छिद्रे पाडावी लागत, आणि तीही अंधारात. हे काम सरस्वतीबाईंनी शिकून घेतले. दिवसा चित्रीकरण होई. त्यानंतर रात्री स्वयंपाकघराचीच अंधारखोली बने.

फिल्म धुणे हे कपडे धुण्याइतके सोपे नव्हे. गुंडाळी तशीच द्रावणात टाकली तर तिचे थर एकमेकांस चिकटतात व मधला भाग कोरा राहतो. म्हणून ती मोकळी पसरावी लागते. प्रथम चित्र उमटविणारे द्रावण, मग पाणी, मग चित्र कायम करणारा हायपो, आणि शेवटी पुष्कळ स्वच्छ पाणी, असा हा क्रम असतो. अनेक गुंडाळ्या एकापाठोपाठ धुवावयाच्या तर अडचण वाढते. प्रत्येक गुंडाळीगणिक द्रावणाचा जोर ओसरतो. मग एक प्रसंग उजळ, तर दुसरा फिका दिसू लागतो. त्यातच उष्म्याने फिल्मवरील लेप मऊ होऊन चित्र बिघडण्याचे भय असते. एखादी गुंडाळी बिघडली तर साऱ्या मंडळींचे दिवसभराचे श्रम वाया जाणार! सरस्वतीबाई द्रावणे तयार करीत, फिल्म धुण्यास हातभार लावीत, आणि दिवसा त्याच घरात नटमंडळींचा स्वयंपाकही सांभाळीत. भांडवल कमी पडले तेव्हा त्यांनी अंगावरचे दागिनेही पुढे केले.

अशा रीतीने सुमारे ३,७०० फुटांचा ‘राजा हरिश्चंद्र’ सिद्ध झाला. त्यात त्यांचा मुलगा भालचंद्र याने रोहिदासाची भूमिका केली. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात तो लोकांपुढे आला. पुढे नाशिकला राहून दादासाहेबांनी १९१७ चा ‘लंकादहन’ यांसारखे अनेक चित्रपट निर्माण केले. १९३७ चा ‘गंगावतरण’ हा त्यांचा अखेरचा. उत्तरायुष्य ओढगस्तीत गेले आणि १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे देहावसान झाले. १९६९ पासून त्यांच्या नावाने चित्रपटक्षेत्रातील सर्वोच्च राष्ट्रीय पुरस्कार दिला जातो.

तो पुरस्कार दादासाहेबांच्या नावाचा आहे, आणि ते सर्वथा योग्यच आहे. परंतु पडद्यावरील प्रकाश पाहताना, चुलीशेजारच्या काळोखात फिल्म धुणाऱ्या त्या माउलीचेही स्मरण ठेवणे हे आपले कर्तव्य होय.