मौलाना मोहम्मद अली जौहर : व्याधीवर मात करणारी जिद्द

मौलाना मोहम्मद अली जौहर यांचे नाव घेताच खिलाफत चळवळ, तुरुंगवास आणि त्यांचे ओजस्वी वक्तृत्व डोळ्यांसमोर येते. परंतु या थोर पुरुषाने आयुष्यातील कितीतरी वर्षे मधुमेहासारख्या चिवट व्याधीला सोबत घेऊनच कार्य केले, ही गोष्ट आपल्या मुलामुलींना क्वचितच सांगितली जाते.

१० डिसेंबर १८७८ रोजी रामपूर येथे त्यांचा जन्म झाला. बालपणीच पितृछत्र हरपले. मातोश्री बी अम्मा यांनी दागिने गहाण टाकून मुलांना तालीम दिली. अलीगढ व ऑक्सफर्ड येथे शिकून मौलानांनी बडोदे संस्थानात नोकरी केली. पुढे १९११ साली कलकत्त्यात ‘कॉम्रेड’ आणि १९१३ साली दिल्लीत ‘हमदर्द’ ही पत्रे काढली.

१९१५ ते १९१९ ते स्थानबद्ध होते. त्या काळात मधुमेहावर गुणकारी औषधच नव्हते. इन्सुलिन प्रथम रुग्णाला दिले गेले ते १९२२ साली. तोवर कडक पथ्य हाच काय तो आधार. तरीही सुटकेनंतर मौलाना स्वस्थ बसले नाहीत. १९२० साली अलीगढ येथे जामिया मिल्लिया इस्लामियाची स्थापना झाली आणि तिचे पहिले कुलगुरू म्हणून त्यांनी धुरा वाहिली. १९२१ साली कराचीच्या खटल्यात दोन वर्षांची सजा झाली, तेव्हा तुरुंगात त्यांनी आत्मचरित्र लिहावयास घेतले. १९२३ साली काकिनाडा येथील काँग्रेस अधिवेशनाचे ते अध्यक्ष झाले. १९२४ साली तरुण कन्या व मातोश्री, दोघींचा वियोग त्यांना सोसावा लागला. त्याच वर्षी बंद पडलेली दोन्ही पत्रे त्यांनी पुन्हा सुरू केली.

मौलानांनी आजार नाकारला नाही. १९२८ साली उपचारासाठी ते युरोपात गेले. १९३० साली प्रकृती ढासळली असतानाही गोलमेज परिषदेसाठी त्यांनी लंडन गाठले. तेथील भाषणात त्यांनी आपले आजारपण लपविले नाही, पण मागणी केली ती देशाच्या स्वातंत्र्याची. ४ जानेवारी १९३१ रोजी लंडनमध्येच त्यांचे निधन झाले आणि जेरुसलेम येथे दफनविधी झाला.

विद्यार्थी मित्रांनो, हिंमत म्हणजे दुखणे अंगावर काढणे नव्हे. आज मधुमेहावर इन्सुलिन आहे, गोळ्या आहेत, तपासण्या आहेत. मौलानांच्या उमेदीच्या वर्षांत इन्सुलिनही नव्हते आणि गोळ्याही नव्हत्या. औषध वेळेवर घ्यावे, पथ्य पाळावे आणि हाती घेतलेले काम सोडू नये. पालकांनीही दीर्घ आजार असलेल्या मुलाला, विशेषतः मुलीला, केवळ त्या कारणाने शाळेतून काढू नये. तिचा आजार लोकांपासून लपवूही नये. शरीराला मर्यादा पडल्या तरी तालीम आणि उमेद यांना त्या पडू देऊ नयेत, हीच मौलानांच्या जीवनाची शिकवण आहे.