पृथ्वीच्या पोटातला गोळा

माणसाने खणलेल्या सर्वांत खोल खाणी सुमारे चार किलोमीटर खोल आहेत. पृथ्वीचा मध्य तर ६३७१ किलोमीटर खोल आहे. तेथे कोणी गेलेले नाही. तरीही तेथे काय आहे हे आपल्याला ठाऊक आहे, ते इंगे लेहमान या बाईंमुळे.

इंगे यांचा जन्म १८८८ मध्ये डेन्मार्कमधील कोपनहेगन शहरात झाला. त्यांच्या शाळेत मुलगे आणि मुली यांच्यात भेद केला जात नसे. शाळेबाहेरचे जग मात्र तसे नव्हते. गणित शिकायला त्या १९१० मध्ये केंब्रिजला गेल्या. पण अतिश्रमाने थकून त्यांना घरी परतावे लागले. मग काही वर्षे त्यांनी विम्याच्या कचेरीत आकडेमोड केली. उरलेले शिक्षण त्यांनी नंतर पुरे केले. १९२५ मध्ये त्यांना भूकंपमापक यंत्रे बसवण्याचे काम मिळाले आणि त्यांची वाट ठरली.

भूकंप झाला, की त्याच्या लाटा पृथ्वीच्या पोटातून धावतात. पाण्याच्या पेल्यात पेन्सिल ठेवून पाहा; ती वाकलेली दिसते. पृथ्वीच्या द्रवरूप गाभ्यात शिरताना लाटाही अशाच वाकतात. त्यामुळे पलीकडच्या एका पट्ट्यात त्या पोहोचू नयेत, असे शास्त्रज्ञ मानत. पण १९२९ साली न्यूझीलंडमध्ये मोठा भूकंप झाला, तेव्हा त्याच पट्ट्यातील यंत्रांवर लाटांची नोंद झाली! अशा नोंदी पूर्वीही दिसल्या होत्या, पण त्यांचा नीट उलगडा झाला नव्हता.

तेव्हा संगणक नव्हते. ओटच्या पुठ्ठ्याच्या डब्यांत इंगे नोंदींची कार्डे ठेवत. त्यांनी मनाशी पृथ्वीचा एक सोपा नमुना धरला. बाहेरच्या भागात लाटेचा वेग सेकंदाला १० किलोमीटर आणि गाभ्यात ८ किलोमीटर. मग गाभ्याच्या मध्यभागी त्यांनी आणखी एक लहान गोळा कल्पिला. त्यात लाटेचा वेग थोडा जास्त मानला. त्या गोळ्यामुळे वळलेल्या लाटा बरोबर त्याच पट्ट्यात निघत होत्या!

१९३६ मध्ये त्यांनी हे निबंधात मांडले. निबंधाचे नाव फक्त एक अक्षर, 'पी', आणि त्यावर एक बारीक रेघ. एवढ्या मोठ्या शोधाला एवढे छोटे नाव!

हा आतला गोळा घन आहे, याचा भक्कम पुरावा १९७१ मध्ये मिळाला. तो पाहायला इंगे हयात होत्या. १९९३ मध्ये, वयाच्या १०४ व्या वर्षी, कोपनहेगन येथे त्यांचे निधन झाले.