तिजोरीची किल्ली

१३ जानेवारी १९६३ची पहाट. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर टोगो नावाचा एक चिंचोळा देश आहे. त्याच्या राजधानीत, लोमे शहरात, अमेरिकी वकिलातीच्या फाटकापासून काही पावलांवर साठ वर्षांच्या एका गृहस्थांचा मृतदेह पडला होता. रात्री सैनिक घरात घुसले तेव्हा ते कुंपणाची भिंत ओलांडून शेजारच्या या वकिलातीच्या आवारात शिरले आणि तिथल्या एका मोटारीत दडून बसले. आसरा मिळण्यापूर्वीच सैनिकांनी त्यांना गाठले. हे गृहस्थ म्हणजे टोगोचे पहिले राष्ट्राध्यक्ष सिल्व्हानस ऑलिंपिओ.

पुढे आफ्रिकेत लष्करी उठावांची रीघच लागली. पण ऑलिंपिओ हे काही तलवारबहाद्दर नव्हते. ते हिशेबाचे माणूस होते आणि त्यांच्या आयुष्याचे मर्मही हिशेबातच सापडते.

१९०२ साली ते जन्मले तेव्हा टोगो जर्मनांच्या ताब्यात होता. घराणे ब्राझीलहून आलेल्या आफ्रिकी व्यापाऱ्यांचे, सधन. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिक्षण झाले. मग युनिलिव्हरच्या समूहात नोकरी धरून ते युनायटेड आफ्रिका कंपनीचे टोगोतील प्रमुख झाले. पहिल्या महायुद्धात जर्मनांचा पाडाव झाला आणि फ्रान्स व ब्रिटन यांनी टोगो वाटून घेतला. एवे लोकांची घरे, शेते, सोयरीकसंबंध या नव्या सीमेने दुभंगले. ते पुन्हा सांधावेत म्हणून १९४७ साली ऑलिंपिओ संयुक्त राष्ट्रसंघापुढे अर्ज घेऊन उभे राहिले.

फ्रेंचांचा त्यांच्यावर रोष जुनाच होता. १९४२मध्ये नाझींशी जमवून घेणाऱ्या व्हिशी राजवटीने त्यांना पकडून दूर दाहोमेतील जुगू गावी ठेवले होते. १९५४मध्ये त्यांचा मतदानाचा आणि निवडणूक लढवण्याचा हक्क काढून घेण्यात आला. तरीही १९५८ साली राष्ट्रसंघाच्या देखरेखीखाली निवडणूक झाली तेव्हा त्यांच्या पक्षाला बहुमत मिळाले. हरले ते फ्रान्सच्या मर्जीतले निकोलस ग्रुनिट्स्की, म्हणजे ऑलिंपिओंचे सख्खे मेहुणे! २७ एप्रिल १९६० रोजी टोगो स्वतंत्र झाला.

झेंडा आला, राष्ट्रगीत आले. पैशाचे काय? आयुष्यभर बँकेत काढलेल्या माझ्यासारख्याला या कथेतला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. फ्रान्सने १९४५मध्ये आपल्या आफ्रिकी वसाहतींसाठी सीएफए फ्रँक नावाचे चलन सुरू केले होते. त्याचा दर फ्रेंच फ्रँकशी बांधलेला आणि त्याला फ्रेंच सरकारची हमी. हमीच्या बदल्यात परकीय चलनाची गंगाजळी पॅरिसच्या सरकारी खजिन्यात ठेवायची. सोय नव्हती असे नाही. चलन स्थिर राही, व्यापाऱ्याला धास्ती नसे. पण दुकान आपले, माल आपला, गल्लाही आपला आणि गल्ल्याची किल्ली मात्र जुन्या मालकाच्या कमरेला!

ऑलिंपिओंना ती किल्ली हवी होती. त्यांनी वाट धरली ती काटकसरीची. ज्याचे अंदाजपत्रक दुसऱ्याच्या अनुदानावर जुळते, त्याला स्वतःचे चलन पेलत नाही, हे ते जाणून होते. खर्चाला कात्री लागली, कर वाढले. १९६१पासून फॉस्फेटची निर्यात सुरू झाली, तिचाही आधार मिळू लागला. मे १९६२मध्ये शेजारच्या देशांनी फ्रान्सच्या हमीखालील चलनसंघाच्या करारावर सह्या केल्या. टोगो बाहेर राहिला. डिसेंबरमध्ये टोगोच्या स्वतंत्र मध्यवर्ती बँकेचा कायदा झाला. नवे चलन जर्मन मार्कशी जोडण्याचा विचार होता.

नेमकी इथेच काटकसर अंगाशी आली. अल्जीरियात फ्रान्ससाठी लढून परतलेले टोगोचे सैनिक आपल्या सैन्यात नोकरी मागत होते. ऑलिंपिओंनी नकार दिला. एवढ्याशा देशाला मोठे सैन्य कशाला, असा त्यांचा सवाल होता. हिशेब म्हणून तो चूक नव्हता. पण बंदूक चालवायला शिकलेला आणि घरी चूल न पेटणारा माणूस खर्चाच्या रकान्यात मावत नाही, हे त्यांच्या ध्यानात आले नाही. त्यातच १९६१च्या निवडणुकीत त्यांनी विरोधकांना उभेच राहू दिले नव्हते. गाऱ्हाणे मांडायला सनदशीर जागाच उरली नव्हती. त्या रात्री घरात घुसलेले सैनिक याच बेकारांपैकी होते.

या कटात फ्रान्सचा हात होता, असा संशय तेव्हापासून आजपर्यंत व्यक्त होत आला आहे; तो सिद्ध झालेला नाही. मात्र पुढचा क्रम कागदोपत्री आहे. ग्रुनिट्स्की सत्तेवर आले, सैन्य वाढले आणि त्याच वर्षी टोगो त्या चलनसंघात सामील झाला. उठावातील एक सैनिक एयादेमा याने १९६७मध्ये सत्ता घेतली, ती २००५ साली मरेपर्यंत सोडली नाही. त्याच्यामागून मुलगा आला.

आणि किल्ली? जानेवारी १९९४मध्ये सीएफए फ्रँकचे मूल्य एका रात्रीत निम्मे झाले. फ्रेंच फ्रँकला ५० मिळत, तिथे १०० मोजावे लागू लागले. लोमेच्या बाजारातील बाईच्या गाठीचा पैसा झोपेतच अर्धा झाला. पॅरिसमध्ये निम्मी गंगाजळी ठेवण्याची अट पश्चिम आफ्रिकेतील आठ देशांपुरती रद्द करण्याची घोषणा २०१९च्या डिसेंबरात झाली आणि ती अमलात यायला २०२१ उजाडले. चलनाचा दर मात्र युरोशी बांधलेलाच राहिला.

ऑलिंपिओंनी कायदा केलेली बँक कधी उघडलीच नाही. ज्या काटकसरीतून ती उभी राहायची, तिनेच तिच्या निर्मात्याचा घास घेतला. पै-पैचा हिशेब ठेवणाऱ्या या माणसाकडून माणसांचा हिशेब तेवढा चुकला. आणि त्या एका चुकीची किंमत त्यांच्यानंतर तीन पिढ्यांनी मोजली.